परसातले हिवाळी पाहुणे

दिवाळी उलटली की किनवटच्या बाजारपेठेला मान वर करून पाहण्याची उसंत नसते. सोयाबीनची आवक ओसरते न ओसरते तोच कापसाच्या गाड्या लागतात. भाव, तोलाई, हमाली आणि वाहतुकीची भाडी यांत दिवस कधी मावळला ते कळत नाही. नेमक्या याच दिवसांत गावात आणखी एक आवक सुरू झालेली असते. तिची नोंद कोणत्याही बाजार समितीत होत नाही आणि तिच्यावर अडतही लागत नाही. हिमालयाच्या उतारांवरून आणि मध्य आशियातील गवताळ माळांवरून निघालेले लहानमोठे पक्षी दूरचा प्रवास करून या गावाच्या परसांत, कुंपणांवर आणि गच्च्यांवर उतरतात. चैत्राची झळ लागेपर्यंत त्यांचा मुक्काम असतो.

बहुतेक घरांना या पाहुण्यांचा पत्ता नसतो. ‘कसली तरी चिमणी’ एवढ्यावर त्यांची बोळवण होते. दुसरीकडे, पक्ष्यांना दाणा घालण्याची रीत जैन घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. देवदर्शन किंवा सामायिक आटोपले की मूठभर ज्वारी अंगणात टाकायची आणि मगच दुकानाकडे पाऊल वळवायचे, हा अनेक घरांचा नेम आहे. दाणा देणारा हात या घरांत आहे. दाणा कोण खातो हे पाहणारी नजर मात्र क्वचित आढळते. हिवाळा हा ती नजर कमावण्याचा ऋतू होय.

गाव, नदी आणि रान

किनवट हे पैनगंगेच्या काठावरचे, नांदेड जिल्ह्याच्या ईशान्येकडील तालुक्याचे गाव. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग गावावरून जातो. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या बाजूस तेलंगणाची सीमा आणि सभोवती सागाचे रान. यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत पसरलेले पैनगंगा अभयारण्यही याच परिसरातले. गावातल्या शेवटच्या घराचे परस संपते तेथे शेत लागते आणि शेत संपते तेथे रान. त्यामुळे रानातला पक्षी पाहण्यासाठी किनवटकराला लांबचा प्रवास करावा लागत नाही. तो पक्षीच परसापर्यंत येतो.

या भागाच्या पक्षिजीवनाची शास्त्रीय नोंद तशी जुनी आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट तालुका हैदराबादच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ च्या सुमारास केली आणि तिचा वृत्तान्त बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. पुढे मराठी वाचकाला पक्ष्यांची गोडी लावण्याचे मोठे कार्य वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी केले. चितमपल्लींचा जन्म ५ नोव्हेंबरचा, सालिम अलींचा १२ नोव्हेंबरचा. या दोन तारखांमधील आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो. हिवाळी पाहुणे येऊन स्थिरावण्याचाही साधारण तोच काळ असतो.

कोण कोण येते

परसात पहिल्याने दृष्टीस पडतो तो थिरथिरा. आकाराने चिमणीएवढा, वजनाने जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. नर अंगाने काळसर आणि पोटाशी विटकरी, मादी मातकट तपकिरी. त्याची शेपटी क्षणभरही स्थिर राहत नाही. सारखी थरथरत असते, म्हणून हे नाव. तो कुंपणाच्या भिंतीवर, गोठ्याच्या वाशावर किंवा धुण्याच्या दगडावर बसतो, खाली झेप घेऊन मुंगी किंवा भुंगेरा टिपतो आणि पुन्हा जागेवर येतो. हिवाळ्यात तो एकटा राहतो आणि आपली हद्द राखतो. अशा हिवाळी पाहुण्यांच्या पायांत कडी अडकवून केलेल्या अभ्यासांतून असे दिसून आले आहे की, त्यांतील कित्येक पक्षी वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी परत येतात. ज्या भिंतीवर गेल्या माघात थिरथिरा बसत होता, तेथे यंदा बसलेला तोच असण्याची शक्यता म्हणूनच बरीच असते.

गच्चीवर आणि नळाच्या ओलीपाशी तुरुतुरु धावतो तो धोबी. काही भागांत त्यास परीट म्हणतात. लांब शेपटी वरखाली हलवीत तो चालतो, चिमणीसारखा टुणटुण उड्या मारीत नाही. एवढ्या एका खुणेवरूनही घरातील लहान मूल त्याला ओळखू शकते. आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या फांदीवरून हवेतच माशी टिपून परतणारा इवलासा पक्षी म्हणजे माशीमार. मेंदीच्या दाट कुंपणातून ‘टक्, टक्’ असा खडा वाजवल्यासारखा आवाज येतो आणि पक्षी मात्र दिसत नाही, तेव्हा तेथे वटवट्या आहे असे समजावे. विजेच्या तारेवर किंवा बाभळीच्या शेंड्यावर डोळ्यांपाशी काळी पट्टी असलेला खाटीक बसलेला असतो. नाव ऐकून कोणी दचकेल. पण नाकतोडे आणि पाली खाऊन तो निसर्गाने नेमून दिलेले काम करीत असतो.

शेतशिवारातली मंडळी निराळी. गुलाबी अंग आणि काळे डोके असलेल्या भोरड्यांचे थवे पावसाळा सरता सरताच दाखल होतात. ज्वारीच्या कणसांवर त्यांची धाड पडली की राखणदार मचाणावरून गोफण फिरवतो. माघ-फाल्गुनात पळस पेटला की याच भोरड्या फुलांतला रस पिण्यासाठी झाडांवर गोळा होतात, म्हणून त्यांना पळसमैना असेही नाव आहे. पिवळ्या पोटाचे भारीटही याच दिवसांत पिकांवर उतरतात. शेतकऱ्याच्या लेखी भोरडी हा खर्चाचा आकडा. परंतु टोळ आणि नाकतोडे हे तिचे आवडते खाद्य आहे. चीनच्या शिंच्यांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून याच पक्ष्यासाठी मुद्दाम दगडांची घरटी रचून दिली जातात. एकाच पक्ष्याच्या नावावर एका मुलखात नुकसान मांडले जाते आणि दुसऱ्या मुलखात जमा.

आता या पाहुण्यांच्या आहाराचा हिशेब मांडून पाहावा. थिरथिरा, धोबी, माशीमार, वटवट्या आणि खाटीक हे परसातले पाचही हिवाळी पाहुणे मुख्यतः किड्यांवर जगतात. अंगणात टाकलेल्या ज्वारीच्या एकाही दाण्याला ते शिवत नाहीत. तो दाणा जातो चिमणी, होला, पारवा आणि खारीकडे. त्यांनाही तो मिळावा, यात वावगे काही नाही. परंतु ‘हिवाळ्यात पक्ष्यांना दाणा घातला’ म्हणून जे समाधान वाटते, त्यात हे दूरदेशीचे पाहुणे मोजलेलेच नसतात.

बर्फाच्या मुलखातील दाणा

हिवाळ्यात दाणा घालण्याची सर्वांत मोठी रीत आहे ती उत्तर अमेरिकेत. मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि कॅनडाच्या दक्षिण भागातील सूचिपर्णी जंगलांच्या कडेला राहणारी कुटुंबे परसात दाण्याची भांडी टांगतात आणि खिडकीआडून पक्षी पाहतात. तेथे महिनोन्‌महिने जमिनीवर बर्फ असते. तापमान शून्याखाली वीस-तीस अंश उतरते. चिकॅडी नावाचा दहा-बारा ग्रॅमचा पक्षी अशा थंडीतही स्थलांतर करीत नाही. रात्री तो आपल्या शरीराचे तापमान काही अंशांनी उतरवून शक्ती वाचवतो आणि शरदात ठिकठिकाणी दडवून ठेवलेल्या बिया शोधून दिवस काढतो. तेथील पुष्कळ लोक सूर्यफुलाच्या बियांबरोबर जनावरांची चरबीही टांगतात. जैन घराला ही कल्पनाही सहन होणारी नाही. पण तेथील दाण्यामागची गरज मात्र खरी आहे.

ती किती खरी, हे विस्कॉन्सिनमधील दोन संशोधकांनी मोजून दाखवले. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, ज्या भागात दाणा मिळत होता तेथील ६९ टक्के चिकॅडी हिवाळा पार करून जगले. जेथे दाणा नव्हता तेथे हे प्रमाण ३७ टक्के होते. हा फरक प्रामुख्याने कडाक्याच्या थंडीच्या महिन्यांत पडला. पुढे त्यांनी उलट प्रश्नही तपासला. वर्षानुवर्षे दाणा खाल्लेल्या पक्ष्यांचा दाणा बंद केला तर ते परावलंबी होऊन मरतात काय? तसे आढळले नाही. कधीच दाणा न मिळालेल्या पक्ष्यांइतकेच तेही तग धरून राहिले.

याच देशात दाण्याची दुसरी बाजूही दिसली. १९९४ पासून तेथील हाउस फिंच नावाच्या पक्ष्यांत डोळ्यांचा एक संसर्गजन्य रोग पसरला आणि दाण्याच्या भांड्यांपाशी होणारी गर्दी हे त्याच्या प्रसाराचे एक कारण ठरले. तेव्हापासून भांडी वारंवार धुवावीत आणि आजारी पक्षी दिसल्यास दाणा काही दिवस बंद ठेवावा, असा सल्ला तेथे दिला जातो.

ही तुलना एवढ्यासाठीच की किनवटचा हिवाळा तसा नाही. येथे पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरला तरी जमीन उघडी असते. शेतात सांडलेले दाणे असतात, बोरी लगडलेल्या असतात, पालापाचोळ्याखाली किडे असतात. किंबहुना येथे थंडी हा सुगीचा काळ आहे. म्हणूनच तर बर्फाळ मुलखातले पक्षी येथे येतात. येथील पक्ष्यांची परीक्षा वैशाखात होते, जेव्हा पैनगंगेचे पात्र जागोजाग कोरडे पडते, आणि तेव्हा त्यांना दाण्याहूनही पाण्याची निकड असते. प्रत्येक मुलखाची टंचाई ओळखून दान द्यावे लागते, हे व्यापारी माणसाला निराळे सांगावयास नको.

खिचन आणि दादर

मारवाडातून येऊन मराठवाड्यात स्थायिक झालेल्या कुटुंबांना कुर्जा पक्षी ऐकून तरी ठाऊक असतो. मराठीत त्याला करकोचा म्हणतात. मंगोलिया आणि मध्य आशियातून निघून हे क्रौंचकुळातले पक्षी हिवाळ्यात राजस्थानात उतरतात. फलोदीजवळच्या खिचन या गावात रतनलाल मालू यांनी १९७० च्या दशकात कबुतरांना दाणा घालण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्या दाण्यावर थोड्या कुर्जाही येऊ लागल्या. पुढे त्यांची संख्या हजारोंवर गेली. गावातील आणि बाहेरगावी व्यापारासाठी गेलेल्या जैन कुटुंबांनी वर्गणीतून कुंपण घातलेले ‘चुग्गाघर’ उभे केले. हिवाळाभर तेथे रोज क्विंटलांनी ज्वारी पसरली जाते. २०२५ साली खिचनला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले.

खिचनचे यश केवळ भावनेचे नाही. कुर्जा हा मुळातच धान्य खाणारा पक्षी आहे, हे पहिले कारण. दाणा पसरण्याची वेळ, जागा आणि कुंपण ठरलेले आहे, हे दुसरे. आणि पक्ष्यांना विसावा घेण्यासाठी गावाभोवती तळी व मोकळी जमीन आहे, हे तिसरे. तरीही विजेच्या तारांना धडकून तेथे कुर्जा मेल्या आणि तारांचा प्रश्न घेऊन गावकऱ्यांना झगडावे लागले. दाणा देणाऱ्याची जबाबदारी दाण्यापाशी संपत नाही, हे खिचनने अनुभवाने जाणले.

याच्या उलट चित्र २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत दिसले. दादरच्या कबुतरखान्यावर दाणा घालण्यास बंदी आली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि समाजातील अनेकांची मने दुखावली. पिढ्यांचा नेम एकाएकी गुन्हा ठरावा, याचे दुःख समजण्यासारखे आहे. परंतु कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासावाटे गेल्यास काही माणसांना फुप्फुसांचा गंभीर विकार जडतो, हेही वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले आहे. दाट वस्तीत एकाच जागी पोत्यांनी दाणा ओतला की कबुतरांची संख्या त्या जागेला पेलवेनाशी होते. पक्ष्यावरची दया आणि शेजाऱ्याच्या श्वासाची काळजी यांत निवड करण्याची वेळ येणे, हेच व्यवस्था चुकल्याचे लक्षण होय. किनवटसारख्या गावांत अजून तशी वेळ आलेली नाही. ती येऊ नये म्हणून आताच मात्रा राखणे शहाणपणाचे आहे.

मात्रा म्हणजे काय, हेही स्पष्ट असावे. सकाळी दोन-तीन तासांत संपेल एवढाच दाणा घालावा. ज्वारी, बाजरी, राळा किंवा तांदळाच्या कण्या चालतात. शेव-फरसाण, बिस्किटे आणि मिठाचे पदार्थ मुळीच नकोत. दाण्याची जागा रोज झाडावी. सूर्यास्तानंतर कण शिल्लक राहू देऊ नये, कारण चिमण्या-होल्यांचे रात्री खाणे नसते आणि उरलेल्या दाण्यावर उंदीर येतात. पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले रंगीत बियाणे पक्ष्यांपुढे टाकणे म्हणजे विष वाढणे होय. बियाण्याचा व्यवसाय करणाऱ्या घरांनी ही गोष्ट गिऱ्हाइकालाही सांगावी. जुन्या मराठवाडी घरांत ओसरीच्या आढ्याला ज्वारीच्या कणसांचा झुबका टांगत असत. चिमणीला तो लागेल तसा पुरे आणि दाणा मातीत मिसळत नसे. ती रीत पुन्हा सुरू करण्याजोगी आहे.

किडे खाणाऱ्याला काय द्यावे

आता मूळ पेचाकडे वळावे. थिरथिऱ्याला आणि धोब्याला दाणा चालत नाही, आणि किडे मारून त्यांना घालणे अहिंसेच्या विचारात बसत नाही. मग या पाहुण्यांचा सत्कार जैन घराने करावा तरी कसा?

हा पेच नवा नाही. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. १९२९ पासून चालत आलेली ही संस्था जखमी पक्ष्यांवर विनामूल्य उपचार करते. तेथे मुक्कामी ठेवले जातात ते शाकाहारी पक्षी. घार-ससाण्यांसारख्या मांसाहारी पक्ष्यांवर मलमपट्टी होते. पण त्यांना इतरांबरोबर ठेवले जात नाही. आहाराची मर्यादा पाळूनही उपचार नाकारायचा नाही, असा मार्ग त्यांनी काढला.

परसातल्या कीटकभक्षी पाहुण्यांबाबतचा मार्ग याहूनही सोपा आहे. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार परंपरेने सांगितले आहेत आणि त्यांत अभयदान श्रेष्ठ मानले आहे. थिरथिऱ्याला आहारदान नको असते. त्याला अभय हवे असते. आपले अन्न तो आपण शोधतो. ते शोधण्याची जागा शिल्लक ठेवणे आणि त्याच्या जिवाला धोका होईल असे काही न करणे, एवढेच यजमानाचे काम उरते. त्यात एका दाण्याचाही खर्च नाही.

परसाचा एक कोपरा न झाडता ठेवावा. पालापाचोळा जाळण्याऐवजी तो तेथे साठू द्यावा. जाळल्याने असंख्य सूक्ष्म जीव होरपळतात आणि पक्ष्यांचे अन्नही नष्ट होते. कुजू दिल्यास मातीला खत मिळते. फुलझाडांवर आणि भिंतींवर कीटकनाशकाचा फवारा उठसूट मारू नये. किडा, पक्षी आणि माणूस यांत विष भेद करीत नाही. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावरील फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ती आठवण या भागात अजून ताजी आहे.

पाण्याचे परळ मातीचे आणि उथळ असावे, दोन बोटांहून खोल नको. मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या, किंचित उंच जागी ते ठेवावे. गाळलेले पाणी रोज सकाळी भरावे आणि आदल्या दिवशीचे पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतावे. पाणी साचून राहिले तर आठवडा-दहा दिवसांत त्यात डास तयार होतात आणि मग त्यांच्यावर औषध मारण्याची पाळी येते. रोजच्या बदलाने ती हिंसा मुळातच टळते. दाण्याला न शिवणारे पाहुणेही या परळावर येतात. धोबी काठाशी पाणी पितो, माशीमार दुपारी अंघोळ करून जातो.

नव्या बांधकामांत मोठ्या काचांची हौस वाढली आहे. काचेत पडलेले झाडाचे प्रतिबिंब पक्ष्याला खरे वाटते आणि तो वेगाने धडकतो. बाहेरच्या बाजूने जवळजवळ ठिपक्यांच्या किंवा उभ्या पट्ट्या चिकटवल्या तर हे अपघात बऱ्याच अंशी टळतात. परसातली बोर, पळस, पांगारा, उंबर यांसारखी झाडे बांधकामाच्या नकाशात आली तर आधी नकाशा बदलतो का ते पाहावे.

व्यापारी घरांचे दान

अभयदानाचा आणखी एक भाग दुकानाच्या फळीवरचा आहे, आणि येथे व्यापारी घरांची कसोटी लागते. संक्रांतीच्या सुमारास पतंगांचा हंगाम असतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. झाडांत आणि तारांत अडकलेला हा दोरा कुजत नाही आणि महिनोन्‌महिने पक्ष्यांचे पंख व गळे कापत राहतो. गुजरातेत याच दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी शासन आणि सेवाभावी संस्था ‘करुणा अभियान’ चालवतात. जखम बांधण्याचे ते काम थोर आहे. पण मांजाची रीळ फळीवर येऊच न देणारा दुकानदार जखम होण्याआधीच ती टाळतो. हंगामातील चार दिवसांचा नफा सोडणे, हे त्याच्या हातातले अभयदान आहे.

पैसे देऊन पिंजऱ्यातले पक्षी सोडवण्याच्या रिवाजाकडेही असेच पाहावे लागेल. पुण्यतिथीला किंवा तपाच्या पारण्याला बाजारातून मुनिया विकत घेऊन आकाशात सोडल्या, की मन भरून येते. परंतु मागणी आली की पुरवठा होतो, हे व्यापाऱ्याखेरीज कोणास अधिक ठाऊक असणार? सोडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिंजऱ्यामागे नवे जाळे लागते, आणि पकडताना व कोंबताना कित्येक पक्षी मरतात. जे सुटतात तेही दमलेले असतात आणि पुन्हा त्याच जाळ्यात सापडतात. देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. तेव्हा ते विकत घेणे हा कायद्याचा भंग ठरतो. पक्षी विकणारा दिसल्यास वनविभागाला कळवणे हीच त्या पक्ष्यांची खरी सुटका होय. तपाच्या निमित्ताने खर्च करावयाचा असेल तर पक्षी-रुग्णालयाला देणगी द्यावी किंवा एक उंबर लावून तो तीन वर्षे जगवावा.

पाहणे आणि नोंदणे

या सगळ्याचा आरंभ पाहण्यापासून होतो. दशवैकालिक सूत्रात दयेच्या आधी ज्ञानाला स्थान दिलेले आहे. ज्याला जीव कोणता आणि त्याची गरज कोणती हेच ठाऊक नाही, त्याची दया नेमकी कोठे पोहोचणार? परसातल्या पाहुण्यांपुरता या क्रमाचा अर्थ अगदी सरळ आहे. आधी ओळख, मग उपचार.

त्यासाठी दुकान उघडण्यापूर्वीचा पाव तास पुरतो. सूर्य वर आल्यावर, साधारण साडेसात ते नऊच्या दरम्यान पक्ष्यांची वर्दळ अधिक असते. ओसरीत किंवा खिडकीशी स्वस्थ बसावे, बोट दाखवू नये, एकाएकी उठू नये. दुर्बीण असल्यास उत्तम. नसली तरी अडत नाही. आकार चिमणीहून लहान की मोठा, शेपटी कशी हलते, चालतो की उड्या मारतो, जमिनीवर खातो की हवेत टिपतो, या चार प्रश्नांची उत्तरे लिहिली की ओळख निम्मी झालीच. घरातल्या वृद्धांना हा विरंगुळा फार मानवतो आणि मुलांचे डोळे पडद्यावरून थोडा वेळ तरी बाहेर जातात. आजोबांनी तारीख सांगावी, नातवाने लिहावी, अशी वाटणी केली तर दोघांचाही वेळ सत्कारणी लागतो.

अशा साध्या नोंदी शास्त्रालाही उपयोगी पडतात. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेली ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही अंगणातील पक्ष्यांची गणना दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस होते आणि २०१३ पासून भारतातील पक्षिप्रेमीही तिच्यात भाग घेतात. किमान पंधरा मिनिटे एका जागी बसून दिसलेले पक्षी मोजायचे आणि ती यादी ईबर्ड या संकेतस्थळावर भरायची, एवढेच तिचे स्वरूप. मोठ्या शहरांतून अशा याद्या भरपूर जातात. किनवटसारख्या रानाकडेच्या गावातून गेलेल्या एकेका यादीचे मोल म्हणूनच अधिक.

वर्षानुवर्षे हिशेब लिहिणाऱ्या घरांना वही ही काही नवी वस्तू नाही. एका जुन्या डायरीत तीनच रकाने आखावेत: तारीख, पक्षी, काय करीत होता. थिरथिरा प्रथम कोणत्या दिवशी दिसला, पळसावर भोरड्या कधी उतरल्या, परळावर पाणी प्यायला कोण आले, हे त्यात लिहीत जावे. मार्चअखेरीस दुकानाची खाती बंद करण्याची धांदल असते. त्याच सुमारास एके सकाळी कुंपणाची भिंत रिकामी दिसते. थिरथिरा उत्तरेकडे निघून गेलेला असतो. ती तारीखही वहीत लिहावी आणि त्या दिवसापासून पाण्याचे परळ सकाळी एकदा भरायचे ते दोनदा भरावे, कारण थंडीचे पाहुणे गेले तरी उन्हाळा काढावयाचे पक्षी गावातच असतात.